आधी गॅस बंद करा

श्रीरंगने महिनाभर घरीच मुरवलेल्या बिअरच्या पिंपाचा नळ उघडला, पण ग्लासात थेंबभर फेसच पडला. तो वळला आणि त्याने शेजारी उभ्या असलेल्या बायकोचं डोकं फ्रिजवर आपटलं.

"तू हात लावलास याला."

"नाही हो. नळीत चोथा अडकला असेल," मीनल म्हणाली.

त्याने तिला केसांना धरून ओट्यावर रेटलं आणि कानावर दोन ठेवून दिल्या. मग पाना घेऊन तो स्टीलच्या पिंपावर वाकला आणि वरचा नट फिरवू लागला. बिअर नळाकडे ढकलणारा गॅस शेजारच्या सिलिंडरमधून पिंपात जातच होता. दाबाच्या मीटरचा काटा लाल पट्ट्यात गेलेला मीनलला दिसला. तरीही ती म्हणालीच, "अहो, आधी गॅस बंद करा. आतला दाब सोडा."

"मला शिकवू नकोस."

नट गोळीसारखा सुटला. श्रीरंग जबडा धरून कोसळला. त्याच्या बोटांमधून रक्त वाहत होतं आणि अंगावर बिअरचा फवारा उडत होता. मीनलने गॅस बंद केला, जखमेवर टॉवेल दाबून धरला आणि अँब्युलन्स बोलावली.

हॉस्पिटलात त्याला आत नेल्यावर डॉक्टरबाईंनी तिच्या सुजलेल्या कानाकडे पाहिलं.

"तुम्हालाही तो नटच लागला का?"

सात वर्षं ती प्रत्येक डॉक्टरला बाथरूममध्ये घसरल्याचं सांगत आली होती.

"नाही. ह्यांनी..." ती थांबली. "त्याने मारलं. लिहून घ्या."