उलट्या आट्यांचा नट

भाकरी पुन्हा फाटली. फिरता पाट डगमगला, वरचा लाकडी पंजा कडेवर आपटला आणि अर्धा उंडा उडून थेट चुलीमागच्या भिंतीला चिकटला. ग्यानबानं बटण बंद केलं, पाना घेतला आणि पाटाखालचा सुटलेला नट आवळला.

"तुझ्या पिठातच काहीतरी कमी पडून राहिलं," तो म्हणाला.

"नाचता येईना, अंगण वाकडं," मनकर्णा म्हणाली आणि भिंतीवरचं पीठ खरवडू लागली.

कुरुंद्यात ग्यानबाला 'जमणार न्हाई' म्हणताना कोणी ऐकलं नव्हतं. डांबराच्या पिंपातून हळद घोळायचा ढोल करणारा गावात तोच पहिला, आणि ही गोष्ट तो भेटेल त्याला सांगायचा. आता त्यानं भाकरी थापायचं यंत्र काढलं होतं. खाली फिरणारा पाट, वर सागवानी पंजा. त्यासाठी मोटर काढली ती घरातल्या छताच्या पंख्याची, तीही ऐन उन्हाळ्यात. दुपारभर मनकर्णा पदरानं वारा घेई आणि नवऱ्याच्या हुशारीला नावं ठेवी.

पण यंत्राला 'नको' म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती. हळद शिजवायच्या दिवसांत ती ओल्या पाल्यावरून घसरली होती आणि उजवं मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण बोटं मिटेनात. वसमतच्या डॉक्टरांनी सांगितलं, हात कोमट पाण्यात धरा, रबरी चेंडू दाबा, जितका चालवाल तितका हात परत येईल. दाबताना कळ मस्तकात जायची. तिनं दोन दिवस चेंडू दाबला आणि तिसऱ्या दिवशी बाजेखाली ढकलून दिला. "लेकरावानी चेंडू खेळत बसू का आता? गेला माझा हात," असं म्हणून तिनं हात पदराखाली घेतला. लग्नकार्याला ज्या घरातून टोपलीभर भाकरी जायच्या, त्या घरात शेजारच्या पद्माबाईच्या भाकरी येऊ लागल्या. तो घास मनकर्णाच्या घशाखाली उतरत नसे. ती जेवताना रडायची, आणि रडते आहे हे लपवायचीही नाही.

मग हे यंत्र आलं, आणि यंत्रापेक्षा त्याचे नखरेच जास्त. रोज एखादी भाकरी बरी निघायची की पाट लगेच डगमगायचा. ग्यानबा नट आवळायचा आणि दोष मात्र पिठाला द्यायचा. "मळते कशी ते दाखीव." ती कढत पाणी घालून ज्वारीचं पीठ मळून दाखवी. "थाप किती जोरात पडते?" ती डाव्या हातानं दाखवू लागली की तो अडवायचा. "पंजा उजव्या हाताचा कोरलाय. डाव्याचा हिशोब त्याला कसा लागू पडंल? उजव्यानं दाखीव." कळ यायची, पण यंत्र नीट झालं तर पद्माबाईच्या भाकरी बंद होतील या आशेनं ती दाखवत राहिली. कधी कधी तर इतकी चिडायची, की त्याच्या लाकडी पंजाला लाज वाटावी अशा थापा काठवटीवर हाणायची.

त्या सकाळी मोहनसिंग आपला हळदीचा ढोल ट्रॅक्टरवर घालून आला. ढोल चालता चालता निखळला होता. मनकर्णा आत पीठ मळत होती. बाहेर ग्यानबाचा आवाज चढलेला तिला ऐकू आला.

"साधा नट काहून बसवला? ढोल डाव्या अंगानं फिरतो. साधा नट त्याच्यासंगं फिरून ढिला होतो. तिथं उलट्या आट्यांचा लागतो, तो फिरता फिरता आणखी आवळतो. हे तर लेकराला बी समजते, मोहनसिंग."

मनकर्णाचा मळता हात थांबला. यंत्राचा पाटही डाव्या अंगानंच फिरायचा. तिनं वाकून पाहिलं. खाली साधा नट होता.

आधी तिला हसू आलं. मग काळजी वाटली. हा माणूस गावाला शिकवतो आणि आपल्याच घरात विसरतो, म्हणजे वय झालं म्हणायचं. मोहनसिंगसमोर त्याची शोभा करायची नाही असं तिनं ठरवलं. नट-बोल्टांच्या संसारात हयात गेलेली बाई ती. उलट्या आट्यांचे नट, त्यांच्या बोल्टांसकट, लाल रंग लावून कोणत्या डब्यात ठेवलेत हे तिला ठाऊक होतं. तिनं साधा नट बोल्टासकट काढला, लाल जोडी बसवली आणि दात-ओठ खाऊन पाना ओढला. उंडा ठेवून बटण दाबलं.

पाट फिरला, पण जराही डगमगला नाही. पंजा बरोबर पडत गेला आणि चंद्रासारखी भाकरी तयार झाली. ती तव्यावर टाकून मनकर्णानं दुसरा उंडा ठेवला. तोही थापला गेला. मोहनसिंगचा ट्रॅक्टर निघून गेल्यावर तिनं ग्यानबाला हाक मारली. नवऱ्याची खोड मोडायची संधी काही रोज येत नाही.

"म्हातारे झालात तुमी," ती म्हणाली. "इथं बी उलट्या आट्यांचा नट लागत होता. मी बसवला, आन् आवळला बी."

ग्यानबानं पाटाकडं पाहिलं नाही. तव्यावर टम्म फुगलेल्या भाकरीकडंही पाहिलं नाही.

"कोणत्या हातानं आवळला?"

मनकर्णानं खाली पाहिलं. पाना अजून तिच्या उजव्या मुठीत होता, आणि मूठ पुरती मिटली होती.

"मंग झालं काम," असं म्हणून ग्यानबानं बटण बंद केलं आणि मोटर परत पंख्याला लावण्यासाठी तो शिडी आणायला गेला.