रंग उडेल म्हणून

"तुम्ही कधी उन्हात बसता की नाही?" रिपोर्टवरून नजर वर करत डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

समोरच्या बाईंनी शेजारी बसलेल्या नवऱ्याकडं नुसतं पाहिलं. तो पडदे शिवणारा शिंपी.

बाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला दोन महिने होऊन गेले होते. जखम भरली, पण दुखणं चिवट पाहुण्यासारखं घर सोडेना. शिंप्याचं मत ठरलेलं होतं: ही उगाच बाऊ करते. तसं तो तिला तोंडावर बोललाही होता. तेव्हापासून तिनं कण्हणं बंद केलं, आणि तो मनाशी खूश झाला, की जरा दटावलं तर दुखणंसुद्धा पळतं.

"ड जीवनसत्त्व अगदी तळाला गेलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ते कमी असलं की ऑपरेशननंतरचं दुखणं काहींना जास्त छळतं. सगळा दोष त्याचाच, असं मी म्हणणार नाही. पण यांचं दुखणं खरं आहे. औषध लिहून देते. आणि जरा ऊन अंगावर घ्या. घरी खिडकी असेल ना?"

खिडकी होती. चांगली ऐसपैस, पूर्वेची. पण कापडाचे तागे त्याच खोलीत, आणि उन्हानं रंग उडतो. म्हणून लग्नाच्या वर्षीच त्यानं दुहेरी अस्तराचा पडदा शिवून तिथं टांगला होता. गिऱ्हाइकांना तो कौतुकानं दाखवायचा. एक किरण आत आला तर पैसे परत म्हणायचा. त्या पडद्याआड, ट्यूबलाइटखाली बसून तिनं उभा जन्म लोकांच्या पडद्यांना हातशिलाई घातली होती.

"आहे," तो म्हणाला. त्याला स्वतःची लाज वाटत होती.

घरी येताच त्यानं पडदा दांडीसकट उतरवला. खिडकीची कडी गंजून बसली होती, ती हातोडीनं ठोकून काढावी लागली. खिडकी उघडली तसं सकाळचं ऊन सरळ ताग्यांवर जाऊन पडलं.

"अहो, रंग उडेल," ती सवयीनं म्हणाली, आणि ताग्यांवर घालायला चादर घेऊन लंगडत निघाली.

त्यानं चादर काढून घेतली. खुर्ची उन्हात सरकवून तिला बसवलं.

"उडू दे. कुठं दुखतं ते सांग."

तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं.

"सगळं सांगू?"

त्यानं मशीनपुढचं स्टूल ओढलं आणि तिच्या गुडघ्यापाशी बसला.