डावा अंगठा

पंचफुलाबाईचा उजवा पंजा फोडांनी भरला होता आणि तिला काहीच तकलीफ नव्हती. कढईतली हळद शिजली का, हे गरम हळकुंड चिमटीत दाबून सांगावं तर तिनंच. कुरुंदा गावात त्यासाठी तिलाच बोलावत. एरवी चटका बसला की हात आपसूक सुटतो. आज सुटला नाही. ती निवांतपणे एकामागून एक हळकुंडं दाबत राहिली. सून दीपमाला ओरडली, तेव्हा कुठे तिनं हाताकडे पाहिलं.

सुनेनं फोन केला आणि दुपारी शहरातल्या दवाखान्यातून डॉक्टरीणबाई आल्या. सोबत भुजंग होता, तिथंच कामाला असलेला पंचफुलाबाईचा भाचा. आई गेल्यावर तो हिच्याच घरी वाढला. नागीण बरी होऊनही मावशीच्या उजव्या हाताची आग दोन वर्षं थांबेना, म्हणून त्यानंच तिला नव्या इंजेक्शनला नेलं. त्यात प्रयोगशाळेत घडवलेलं प्रथिन होतं. दुखण्याची खबर नेणाऱ्या नसा तेवढ्या हुडकून ते त्यांना गप्प करायचं. आग थांबली. मावशीनं गावभर भाच्याचं कौतुक केलं.

डॉक्टरीणबाईंनी फोड पाहिले. विस्तवाजवळ जायचं नाही, चटका कळणार नाही, हे यांना सांगितलं होतंस ना, असं त्यांनी भुजंगला विचारलं.

"व्हय मॅडम. दोनदा सांगितलं."

आता खुशाल हळदीला जा मावशी, असं सांगणारा हाच. पोरानं तिला फसवलं होतं, आणि आता तिच्याच अंगणात उभं राहून तोंडावर खोटं बोलत होता. डॉक्टरीणबाई गाडीतून मलम आणायला गेल्या, तेव्हा तिनं हळूच विचारलं, "काहून सांगितलं न्हाईस रे?"

"सांगितलं असतं तर तू आली नसतीस," भुजंग खाली बघत म्हणाला. "ह्या इंजेक्शनला धा माणसं आनली तर मला कायम करनार व्हते. तू धावी."



डॉक्टरीणबाईंनी परत येऊन मलम दिलं, कागद लिहिला आणि वाचून दाखवला. रुग्णाला आधी पूर्ण कल्पना दिली होती, असं त्यात होतं. बरोबर आहे ना, त्यांनी विचारलं. भुजंगचा चेहरा पांढरा पडला होता. पंचफुलाबाईनं मान डोलावली.

भुजंगनं शाईची डबी उघडली आणि तिचा डावा हात धरायला गेला. तिनं तो पदराखाली घेतला. उजवा पुढे केला.

"ह्यो घे. ह्याला कळत न्हाई."

डॉक्टरीणबाई नको म्हणेपर्यंत तिनं अंगठा स्वतःच शाईत बुडवून कागदावर दाबला. फोड फुटला. "आई गं," भुजंग म्हणाला.