त्याच डोळ्यांची तपासणी

"आत येऊ का, डॉक्टर?"

आवाज ऐकला आणि डॉक्टरच्या हातातलं पेन गळून पडलं. सव्वीस वर्षांत माणसाचं वजन वाढतं, केस जातात, दात जातात. आवाज मात्र जुन्या घरातच राहतो. पेन त्याने उचललं नाही.

"बस. तू अगदी तशीच आहेस."

"केस पांढरे झाले, दोन दात गेले, आणि म्हणे तशीच! खोटं बोलायची सवय गेली नाही तर तुझी."

बसचालकांचे डोळे वर्षातून एकदा तपासायचे आणि सही ठोकायची, हे त्याचं काम. सकाळी शिपायाने फायली वाचून दाखवल्या होत्या आणि नेहमीप्रमाणे पदरचंही घातलं होतं. "एक बाई आहे साहेब. शाळेची बस चालवते. नवरा अंथरुणाला खिळलेला. नापास झाली तर घर बसलंच." आडनाव सासरचं होतं. ती ही असेल हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

लग्न ठरलं होतं त्यांचं. स्वतःच जमवलेलं, पत्रिकाही वाटून झालेल्या. मग त्याच्या आईला तिच्या चष्म्याची भिंगं जाड वाटली. "डोळ्यांची खोट घरात नको," आई म्हणाली, आणि हा डोळ्यांचा डॉक्टर होऊ घातलेला पठ्ठ्या खाली मान घालून "बरं" म्हणाला. निरोप द्यायलाही स्वतः गेला नाही. धाकट्या भावाला पाठवलं.

"आई कशी आहे?" तिने विचारलं.

"गेली. शेवटची सात वर्षं काही दिसत नव्हतं तिला. काचबिंदू."

"अरेरे."

त्या अरेरेत दया किती आणि समाधान किती, हे कुठल्याही यंत्रावर मोजता आलं नसतं.

"आमच्या घराण्यातच होता तो," डॉक्टर म्हणाला. "आम्हांला माहीत नव्हतं, एवढंच."

"मला नाकारलं ते बरं केलंत मग. नाहीतर नाव माझ्या चष्म्याचं झालं असतं."

तो हसला. ती हसली नाही.

"चष्मा घालूनच वाच," तो म्हणाला. "डावा डोळा झाक. समोरचा तक्ता, वरपासून."

एकाच बाईला एकाच डोळ्यांपायी दोनदा नाकारायचं? आणि न नाकारावं, तर तिच्या मागे चाळीस पोरं बसलेली. खोटी सही करायची नाही, हे त्याने मनाशी पक्कं केलं. देवा, हिला दिसू दे.

तिने वाचलं. घडाघडा, सातही ओळी. दुसऱ्या डोळ्यानेही.

यात काही विशेष नव्हतं. तक्ता तेवीस वर्षं तोच. खाली कँटीनमध्ये बसून चालक तो पाढ्यांसारखा घोकत. म्हणून डॉक्टरने स्वतःची एक युक्ती काढली होती. तिच्यापुढे भल्याभल्यांची बोबडी वळायची.

"शेवटची ओळ वाच. उलटी."

ती थांबली. खुर्ची करकरली.

"व," ती म्हणाली. "ग. प. र. म. ट."

अचूक. डॉक्टरने इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचा कागद हलला. खणातून दुसरं पेन काढून त्याने सवयीने उजव्या कोपऱ्यात सही केली.

"तेव्हा मी यायला हवं होतं," तो म्हणाला. "निदान तोंड दाखवायला."

"तुझं तोंड बघायची आता गरज नाही मला," ती म्हणाली. पण सूर मऊ होता. "चल, शाळा सुटायची वेळ झाली. पोरं खोळंबतील."

दाराशी ती अडखळली. "अगं बाई! भिंतीला रंग दिलाय वाटतं. हात भरला की माझा."

"सावकाश जा."

पावलं जिन्यावरून खाली गेली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच डॉक्टरला हलकं वाटलं. एक तरी गोष्ट त्याने सचोटीने केली होती.

तेवढ्यात शिपाई धापा टाकत आत आला.

"माफ करा साहेब, तक्ता आणायला उशीर झाला. काल रंगाऱ्यांनी उतरवून खालच्या कपाटात टाकला होता. आता लावतो, मग बाईंना बोलवू ना?"

खाली बस सुरू झाली.

"त्यांची झाली," डॉक्टर म्हणाला. "पुढच्याला पाठव."