टाके घालते

हौसाबाईंनी नवी गोधडी डॉक्टर निमकरांच्या टेबलावर पसरली. "बघा, सुई धरली की तुम्ही नीट केलेलं बोट काय करतंय ते!"

विळीनं कापलेल्या त्यांच्या बोटात नवी कंडरा बसवून दोन महिने झाले होते. बोट वळवणारी ही दोरी प्रयोगशाळेत वाढवायची आणि बसवण्याआधी तिला त्या माणसाच्या कामाची सवय लावायची, अशी आता पद्धतच होती.

गोधडीवर नेहमीचा सलग धावदोरा कुठेच नव्हता. प्रत्येक टाका सुटा, प्रत्येकाला स्वतःची गाठ.

निमकरांनी हौसाबाईंचा अर्ज काढला. 'काय काम करता?' पुढे लिहिलं होतं, 'टाके घालते.' त्यावरून कारकुनानं बेधडक 'सर्जन' अशी नोंद केली होती, आणि कंडरेला सवय लागली होती जखमेच्या टाक्यांची.

निमकरांनी अर्ज खाली ठेवला. "चूक आमची, मावशी. बोट पुन्हा उघडू, कंडरा बदलू."

"कशाला?" हौसाबाईंनी कात्रीनं मधला एक टाका कापला आणि कापड ताणलं. शेजारचा टाका जागचा हलला नाही. "धावदोरा असता तर आख्खी ओळ उसवली असती. माझ्या बोटाला टाके असेच घातलेत ना?"

"असेच."

"मग गोधडीनं तुमचं काय घोडं मारलंय?"