डबल बेल

हॉर्न थांबेचना. बस थांब्यावर उभी, प्रवासी चढून झालेले, आणि हॉर्न आपला एकसारखा कोकलतोय. कंडक्टरबाई मागच्या सीटवरचं तिकीट अर्धवट टाकून पुढे धावल्या. बघतात तर ड्रायव्हरचं कपाळ स्टिअरिंगच्या मधोमध टेकलेलं. मघाशी त्यांना खोकल्याची ढास लागली होती, ती पार मागच्या दारापर्यंत ऐकू येत होती. ढास थांबली आणि हा हॉर्न सुरू झाला होता.

बाईंनी खांदा धरून गदागदा हलवलं. ड्रायव्हरनी डोकं वर केलं. हॉर्न गप्प झाला.

"कोण बोंबलतोय मागे?" ते कुरकुरले. "जरा म्हणून दम नाही लोकांना!"

अहो, तुमचंच डोकं बोंबलत होतं, हे बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बोलायचं कसं? हे ड्रायव्हर म्हणजे त्यांचे व्याही. नऊ वर्षं एकाच गाडीवर ड्युटी करता करता जमलेली सोयरीक. बाईंची लेक यांच्या मुलाला दिलेली. पोरीनं नशीब काढलं, असं सगळा डेपो म्हणाला होता. मुलीच्या आईनं मुलाच्या बापाला उलटून बोलू नये असं कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण पाठ मात्र सगळ्यांना असतं.

व्याह्यांनी फडकं काढलं आणि समोरची काच पुसायला घेतली. काच लख्ख होती, सकाळीच धुतलेली.

"धुरकटलीये मेली," ते म्हणाले. "आतून की बाहेरून, कळत नाही." दोन-चार हात मारून त्यांनी फडकं बाजूला टाकलं. "असो. द्या बेल."

ड्रायव्हर झाला गाडीचा राजा, पण कंडक्टरनं दोरी दोनदा ओढल्याशिवाय या राजाला चाक हलवता येत नाही. सत्तावीस वर्षांत व्याह्यांनी हा नियम एकदाही मोडला नव्हता, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान!

बाईंचा हात दोरीपर्यंत गेला आणि तिथंच थबकला.

"व्याहीबुवा, तुम्ही बेशुद्ध पडला होता आत्ता."

"बेशुद्ध कसला! खोकलो नुसता. खोकल्यानं काय होतंय?"

"डोळ्यांपुढे अंधारी आहे का?"

"हा रस्ता मी डोळे मिटून चालवीन, विहीणबाई."

"तीच तर भीती आहे."

पुढच्या सीटवरचा एकजण फिस्सकन हसला. मग काय, सगळ्या बसला वाचा फुटली. कुणी म्हणे लवंग धरा दाढेत, कुणी म्हणे वाफ घ्या. एकाच्या मामेभावाला अगदी असंच व्हायचं म्हणे, पण त्या मामेभावाचं पुढे काय झालं ते काही तो सांगेना. मागून कुणीतरी ओरडलं, "अहो बाई, बेल द्या की! कामाला जायचंय लोकांना."

व्याह्यांनी आवाज उतरवला. "हे बघा, चार महिने राहिलेत माझे. आता उतरलो तर परत या सीटवर बसू देणार नाहीत. डेपोत टायरांना हवा भरत रिटायर होऊ का? आणि लोक विचारतील, कुणी उतरवलं, तर काय सांगू? विहिणीनं? घरी तरी काय सांगू?"

घरचं नाव निघालं आणि बाईंना लेक आठवली. माणसं वाईट नव्हती ती. पण सासऱ्याला चारचौघांत खाली उतरवणाऱ्या बाईची मुलगी म्हणून त्या घरात जन्म काढायचा म्हणजे काय, ते बायकांनाच ठाऊक. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! बाईंनी मागे वळून बघितलं. भरलेली बस त्यांच्याकडेच बघत होती. एक म्हातारी तर तिकीट मुठीत धरून डुलक्याही घ्यायला लागली होती.

बाईंनी दोरीवरचा हात काढला.

"बेल नाही देत मी."

"विहीणबाई!"

"लेकीला बोल लागला तर लागू दे. तिची समजूत मी घालीन. या एवढ्या लोकांच्या घरी जाऊन काय सांगू?"

व्याह्यांचा चेहरा लालबुंद झाला. इंजिन चालूच होतं. हात गिअरवर. मनात आणलं असतं तर बेलबिल न घेता ते निघाले असते. कोण अडवणार होतं? बऱ्याच वेळानं तो हात गिअरवरून उठला आणि किल्लीकडे गेला. इंजिन बंद झालं.

"सत्तावीस वर्षं," व्याही म्हणाले.

"चला, खाली सावलीत बसू जरा," बाई म्हणाल्या. "मी डेपोत फोन करते. दुसरा ड्रायव्हर पाठवतील."

"बसू की. आता बसायचंच आहे." पण त्यांच्या मनातून जाईना. समोरच्या काचेकडे हात करून ते फणकाऱ्यानं म्हणाले, "तुम्हीच बघा, किती मोकळा आहे रस्ता! एव्हाना पुढच्या थांब्यावर असतो आपण."

बाईंनी बघितलं. बसच्या समोरून, अगदी मधोमध, एक बाई भडक पिवळी छत्री लावलेली बाळगाडी ढकलत निवांत रस्ता ओलांडत होती. बाळ मान वळवून बसच्या दिव्यांकडे बघत होतं.