बाहेरचं बटण

दाराच्या फटीत टॉवेल कोंबून मुकुंद बाथरूमच्या मिट्ट काळोखात बसला होता. कॅमेऱ्यातली कृष्णधवल फिल्म धुण्यासाठी चाचपडत रिळावर गुंडाळत होता. डब्यात बंद होईपर्यंत तिला उजेडाचा कवडसाही चालणार नव्हता. बाबांचे शेवटचे फोटो होते तिच्यावर. बाहेरच्या बटणावर चिकटपट्टी लावून विसरभोळ्या आईला त्याने तीनदा बजावलं होतं.

खट्‌ आवाज झाला आणि बाथरूम लख्ख उजळलं.

"आई, बंद कर!" फिल्म छातीशी कवटाळत तो ओरडला. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"अंधारात कसली अंघोळ करतोस रे? बटणाला कुणीतरी पट्टी चिकटवलेली, सोलून काढली मी," दाराबाहेरून आई म्हणाली. मग हळूच, "ह्यांचे फोटो कधी रे देशील?"

त्या उजेडातच तो उरलेली फिल्म गुंडाळत राहिला. "वाळले की देतो, आई."